विकलेले पुन्हा घेताना

बोरगावचे आमचे एक स्नेही २०२४ च्या एप्रिलात, जामसावळीच्या मारुतीचे दर्शन घेऊन परतताना म्हणाले, "चार रुपयांना विकलेला व्होडाफोन आयडियाचा समभाग आता अकराला मिळतो आहे. घ्यावा काय?" प्रश्न व्यवहाराचा खरा, परंतु स्वरात हिशेबापेक्षा सल अधिक होता.

सरकारी शुल्कासाठी महसूल कसा मोजावा, ह्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ रोजी दूरसंचार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. थकबाकीचा डोंगर उभा राहिला आणि ह्या समभागाचा भाव पाच रुपयांखाली गेला. स्नेह्यांनी तेव्हा भिऊन विकले. भीतीला कारण होते. त्यांना दोष कोण देईल? पुढे २०२३ मध्ये सरकारने थकलेल्या व्याजापोटी दहा रुपये दराने समभाग घेतले आणि २०२४ मध्ये कंपनीने अकरा रुपयांना नवे समभाग विकून १८,००० कोटी रुपये उभे केले.

आता तो 'चार'चा आकडा पाहा. बाजाराला त्याचा पत्ता नाही, बिनतारी मनोऱ्यांना नाही. तो एका मनातच वसतो. भाव पुन्हा तेथे येईल आणि आपण शहाणे ठरू, ह्या आशेने थांबण्याला आपण संयम म्हणतो. मला तो अहंकार वाटतो. गेलेले वसूल करण्याच्या ईर्ष्येने धावत जाऊन घेणे, हेही त्याचेच भावंड.

सौंसर-पांढुर्ण्याकडचा बागाईतदार आंबिया बहरासाठी संत्र्याचे पाणी तोडतो. ताण केव्हा सोडावा हे तो गतवर्षीच्या भावावरून ठरवीत नाही. पाने मलूल झाली काय, जमीन हलकी की भारी, हे पाहतो. (स्नेह्यांची स्वतःची बाग आहे, ही त्यातली गंमत!) येथेही झाडच पाहावे: ग्राहक टिकतात काय, देणे फेडण्याइतकी मिळकत होते काय. आणि सरकार आणखी किती देणे भागभांडवलात वळवील? हा प्रश्न सर्वांत बिकट, कारण अशा प्रत्येक वेळी जुन्या भागधारकाचा वाटा आकसतो. २०२५ मध्ये तसेच झाले. सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला.

त्या दिवशी मात्र मी एवढेच विचारले, "हा समभाग आपण पूर्वी कधी घेतलाच नसता, तर आज घेतला असता काय?"

ते बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "नातवाच्या शिक्षणाचे पैसे आहेत हो ते."