घराणे, वंशावळ आणि घोडामैदान

‘खाण तशी माती’ अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे, आणि ‘ऋषीचे कूळ व नदीचे मूळ शोधू नये’ अशी दुसरी. दोन्ही म्हणी आपण सोयीप्रमाणे वापरतो. दुसऱ्याच्या घराशी सोयरीक जुळवावयाची असेल तेव्हा पहिली आठवते. आपल्या घरातील उणे झाकावयाचे असेल तेव्हा दुसरी. परस्परविरोधी अशा या दोन वचनांपैकी खरे कोणते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

हा विचार करावयाचा तर जेथे कुळाच्या कागदावर भरवसा ठेवून लोक रोख पैसा मोजतात अशा ठिकाणी तो करावा. असे ठिकाण म्हणजे जातिवंत घोड्यांचा बाजार. माणसांच्या कुळाविषयी आपण वाटेल ते बोलून मोकळे होतो. घोड्यांच्या कुळाविषयी ज्याचा अंदाज चुकतो त्याला त्या चुकीची किंमत स्वतःच्या खिशातून भरावी लागते. म्हणून त्याचे अनुभव ऐकण्यासारखे आहेत.

थरोब्रेड ही जगातील सर्वांत काटेकोर वंशावळ असलेल्या घोड्यांच्या जातींपैकी एक. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडून इंग्लंडमध्ये आलेले बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन घोडे या जातीचे मूळ पुरुष मानले जातात. त्यांपैकी डार्ली अरेबियन १७०४ साली सीरियातील अलेप्पोहून आणला गेला. १७९१ साली ‘जनरल स्टड बुक’ ही वंशावळीची वही प्रथम छापली गेली आणि तेव्हापासून या जातीचे दार जवळजवळ बंद झाले. ज्याचे आईबाप वहीत नाहीत तो कितीही चपळ असला तरी थरोब्रेड नव्हे, असा सर्वसाधारण नियम झाला.

या घोड्यांचा उपयोग केवळ शर्यतीपुरता राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील शेतांत ट्रॅक्टर आले आणि नांगराचे व गाडीचे दणकट घोडे निरुपयोगी ठरू लागले. तेव्हा होलस्टाइन, हॅनोव्हर, नॉर्मंडी येथील पैदासकारांनी आपल्या घोड्यांत थरोब्रेड रक्त मिसळून अडथळ्यांवरून उड्या मारणारा, स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यावर चालणारा क्रीडा-अश्व घडविला. होलस्टाइनमध्ये लेडीकिलर या थरोब्रेड घोड्याने अशी संतती दिली. नॉर्मंडीत फ्युरिओसो या थरोब्रेडचा मुलगा ल्यूतर याने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उड्यांच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. जर्मन वंशावळीत थरोब्रेडच्या नावापुढे दोन फुल्या मारतात. घेणारा त्या फुल्या शोधतो आणि मग विचारतो, हे रक्त कोणते? कारण शर्यतीच्या घोड्याला एकच प्रश्न असतो, किती लवकर पोहोचलास? क्रीडा-अश्वाला अनेक असतात. पाठ लवचिक आहे का? मागच्या पायांत बळ आहे का? पाय किती वर्षे टिकतात? गडबडीत डोके शांत राहते का? पडल्यावर पुन्हा त्याच अडथळ्याकडे जाण्याचे धैर्य आहे का? एखादे कूळ वेगात अव्वल असूनही या प्रश्नांना उत्तर देत नाही. एखादे शर्यतीत सामान्य ठरलेले कूळ उत्तम उत्तर देते.

लिलावाच्या सूचीपत्रात प्रत्येक घोड्याला एक पान असते. वर बापाचे कर्तृत्व, खाली आई, आजी, पणजी यांची संतती. मानाच्या शर्यती जिंकणाऱ्यांची नावे ठळक टायपात छापतात. ज्यांच्या हातून काही घडले नाही त्यांची नावे बहुधा गळतात. म्हणून जाणता ग्राहक छापलेल्या नावांइतकाच न छापलेल्या नावांचा शोध घेतो. या घोडीला शिंगरे किती झाली? त्यांतली मैदानात किती उतरली? वंशावळ खोटी नसते, पण ती निवडून सांगितलेली असते. आपल्या घराण्याच्या कहाण्याही आपण अशाच सांगतो. धर्मगुरू झालेला चुलता ठळक टायपात. दारूच्या आहारी गेलेला दुसरा चुलता त्या पानावर नसतोच.

आता या बाजाराचा ताळेबंद पाहू. १९६१ साली कॅनडात नॉर्दर्न डान्सर नावाचे शिंगरू जन्मले. चणीने लहान. वर्षभराचे असताना मालकाने पंचवीस हजार डॉलर किंमत सांगितली, ती द्यावयास कोणी पुढे झाले नाही. त्याच घोड्याने १९६४ साली केंटकी डर्बी जिंकली आणि पुढे तो शतकातील थोर पितृ-अश्वांत गणला गेला. १९८३ साली त्याच्याच एका मुलाला, स्नाफी डान्सरला, लिलावात एक कोटी दोन लाख डॉलर मिळाले. तो एकदाही शर्यतीत धावला नाही. ज्याला पंचवीस हजारांना कोणी घेईना तो बाप, आणि ज्याला कोटीच्या वर मोजले तो मुलगा! २००६ साली ग्रीन मंकी नावाचा घोडा एक कोटी साठ लाख डॉलरना विकला गेला; तो तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही.

उलट बाजूही पाहावी. टच ऑफ क्लास या थरोब्रेड घोडीला शर्यतीत एकही विजय मिळाला नव्हता. तिने १९८४ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकमध्ये उड्यांच्या स्पर्धेत दोन सुवर्णपदके मिळविली. रक्त खोटे नव्हते. विचारलेला प्रश्न चुकीचा होता. आणि स्नोमॅन तर बिनकागदाचाच. अमेरिकेत नांगर ओढून थकलेला हा घोडा १९५६ साली कत्तलखान्याकडे निघालेल्या गाडीत चढविला गेला होता. हॅरी डी लेयर नावाच्या डच घोडेशिक्षकाने तो ऐंशी डॉलरना उतरवून घेतला. पुढे एका शेजाऱ्याला विकला, तर तो कुंपणे ओलांडून परत येऊ लागला. तेव्हा त्याच्यातील गुण लक्षात आला. १९५८ साली न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय अश्वप्रदर्शनात तो उड्या मारणाऱ्या घोड्यांचा विजेता ठरला.

यावरून वंशाला काही अर्थ नाही असे म्हणणे आततायीपणाचे होईल. अर्थ आहे, पण तो अनुमानाचा आहे, निर्णयाचा नाही. एडिनबरो विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २००७ साली दाखविले की शर्यतीच्या घोड्यांच्या आयुष्यभराच्या कमाईत जो फरक पडतो, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा रक्ताचा असतो. बाकीचा निगा, शिक्षण, स्वार आणि संधी यांचा. २०१२ साली प्रसिद्ध झालेले एक जनुकीय संशोधन तर अधिकच विचार करावयास लावते. थरोब्रेडच्या कमी पल्ल्यातील वेगाशी निगडित असलेला जनुकाचा प्रकार एकाच मूळ प्राण्याकडून या जातीत आला असावा, आणि तो प्राणी पूर्वेकडचा नामांकित घोडा नसून ब्रिटनमधीलच एखादी देशी घोडी असण्याचा संभव अधिक, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्या काळच्या कित्येक घोड्यांना वंशावळीत स्वतःचे नावही नाही. अमक्याची मुलगी, तमक्याची आई, एवढीच त्यांची नोंद. तीनशे वर्षे श्रेय तीन पुरुषांचे. देणगी कदाचित एका अनामिकेची.

येथे आपल्याला दुसरी एक वंशावळ आठवते. आगमनकाळात १७ डिसेंबरच्या मिस्सेत संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचला जातो. नावांमागून नावे येतात आणि आपले लक्ष भरकटते. पण कान देऊन ऐकले तर त्या पुरुषांच्या रांगेत, पवित्र मरियेच्या आधी, चार स्त्रिया दिसतात. सासऱ्यापासून संतती झालेली तामार. यरीहोची वेश्या राहाब. मवाबी परदेशी रूथ. आणि जिचे नाव न घेता केवळ उरियाची पत्नी म्हणून जिचा उल्लेख होतो ती. कोणत्याही सूचीपत्राने ही नावे गाळली असती. संत मत्तयाने ती मुद्दाम ठेवली. जगाच्या तारणाऱ्याची वंशावळ उणे झाकून सांगितलेली नाही. तिच्यात घरातील उणेही आहे आणि परक्या घरचे रक्तही आहे.

तरी प्रश्न उरतो. पित्यांच्या पापाचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते असे निर्गमाच्या ग्रंथात म्हटलेलेच आहे ना? आहे. दारुड्याच्या घरातील मूल भोगते, हे कोण नाकारील? परंतु परिणाम भोगणे वेगळे आणि दोषी ठरणे वेगळे. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात परमेश्वर इस्राएल लोकांची एक म्हण बंद करतो. बापाने आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, अशा अर्थाची ती म्हण होती. आपल्या ‘खाण तशी माती’ची ती सख्खी बहीण.

हे मी उपदेशकाच्या जागेवरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्यासाठी एक स्थळ आले. त्या धर्मग्रामात माझी ओळख होती, म्हणून बहिणीने चौकशी माझ्यावर सोपविली. मी चौकशी केली. आजोबांनी दारूपायी वाडी विकली होती. एका काकाने बायको सोडली होती. ‘घर तितकेसे बरे नाही,’ असे मी बहिणीला कळविले. बहिणीने निरोप धाडला की मुलाचा इतक्यात लग्नाचा विचार नाही. चार महिन्यांत भाच्याचा साखरपुडा दुसरीकडे झाला, आणि निरोप खोटा होता हे त्या घराला आपोआप कळले. ती मुलगी काय काम करते, घरातील आजाऱ्याशी कशी वागते, रागावली तर काय बोलते, यांतले मी काहीच विचारले नव्हते. मी तिला पाहिलेही नव्हते. घोडा घेणाराही कागद वाचून झाल्यावर घोडा बाहेर काढावयास सांगतो, त्याला चालवून, दुडक्या चालीने धाववून पाहतो, त्याच्या पायांवरून हात फिरवितो. मी एका माणसाला तेवढाही मान दिला नाही.

पण घोड्याच्या व्यापाऱ्याएवढे सावध होणे हा या चुकीचा पुरता उपाय नव्हे. माझ्या चुकीचे मूळ अधिक खोल आहे. घोड्याचे मोल त्याच्या उपयोगावर ठरते आणि ते तसे ठरविण्यात अन्याय नाही. माणूस मात्र उपयोगासाठी निर्माण झालेला नाही. पृथ्वीवर देवाने ज्याला त्याच्या स्वतःकरिताच इच्छिले असा प्राणी केवळ मनुष्य, असा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या घोषणापत्राचा आशय आहे. विवाहापूर्वी स्वभाव, आरोग्य, श्रद्धा यांची विचारपूस करणे हे शहाणपण आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी उघडपणे व्हावी. परंतु वाडवळ की सामवेदी, कोळी की आणखी कोणी, आजोबा कोण होते, एवढ्यावर ज्या क्षणी आपण एखाद्या मुलाचा वा मुलीचा निकाल लावतो, त्या क्षणी आपण तिला सूचीपत्रातील एक पान करून टाकतो.

आपल्याही चर्चमध्ये एक वही असते, स्नानसंस्काराची नोंदवही. तिच्यातही बापाचे नाव असते, आईचे असते, तारीख असते. वरवर पाहता ती स्टड बुकसारखीच दिसते. पण त्या वहीत नाव चढण्यासाठी आईबापांचे नाव आधी तेथे असावे लागत नाही. दारावर आलेल्या परक्या बालकाचे नाव ज्या शाईने लिहिले जाते त्याच शाईने पाटलाच्या नातवाचेही लिहिले जाते. तेथून पुढे दोघांचा पिता एकच.

मराठीत कसोटीच्या घडीला ‘घोडामैदान जवळच आहे’ असे म्हणतात. घोड्याच्या बाबतीत ते मैदान त्याचे असते. सोयरिकीच्या बैठकीत मात्र कसोटी समोरच्या घराची नसते, विचारणाऱ्याची असते. त्या दिवशी त्या मैदानात मी हरलो होतो, आणि ज्या मुलीमुळे हे मला कळले तिला नकाराचे खरे कारण आम्ही अजूनही सांगितलेले नाही.