फ्लॅट गेला

नालासोपाऱ्यातल्या एका सोसायटीचे काम आमच्या कंपनीकडे होते. मॅनेजर मी. मेंटेनन्सची बिले काढायची, टँकर मागवायचा, लिफ्टवाल्याच्या मागे लागायचे. एकदा सेक्रेटरी म्हणाले, "३०२ बघून गेले ना, त्यांना कळवा, फ्लॅट गेला. तुम्ही आपलेच आहात हो, पण सभासद ऐकत नाहीत." फ्लॅट रिकामाच होता. बघून गेलेले माझ्याच बिरादरीचे. मी फोन केला. ते "ठीक है भाई" म्हणाले.

२०१४ च्या आदर्श उपविधींनुसार भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवणे पुरते. ते पुस्तक माझ्याच ड्रॉवरमध्ये होते!

नोकरमाणूस काय करणार, असे आपण म्हणतो. मी नकार दिला असता तर दुसऱ्याने फोन केला असता, हेही खरे. म्हणजे नकाराने फक्त माझीच अब्रू राखली असती का? बरेच दिवस मला तसेच वाटे.

पण २०१६ साली वसईतल्या एका सोसायटीत मुस्लिम कुटुंबाला फ्लॅट विकू नये असे सभासदांनी लेखी दिले. लेखी होते म्हणून प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. "कमिटी नको म्हणते" एवढे खरे मी बोललो असतो, तर त्या गृहस्थांना दाद मागता आली असती. घर कमिटीने नाकारले, तक्रार मात्र मी हिरावली.

त्यांचा नंबर अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, '३०२' या नावाने.