खुरपं आणि अहिंसा

राहुरीच्या काळ्या जमिनीवर मृगाचा पाऊस पडला की परसातल्या वांगी-मिरचीच्या आधी लव्हाळा डोकं वर काढतो. वरवर खुरपला की आठवड्याभरात पुन्हा हजर. त्याचा खरा संसार जमिनीखाली असतो, तंतूंनी जोडलेल्या गाठींचा. साखळी तुटली की निपचित पडलेल्या गाठीही फुटतात. लेरॉय होम आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर ग्रंथ काढला, त्यात लव्हाळा पहिला आणि हरळी दुसरी.

यातल्या पहिल्याच्या गाठी आयुर्वेदात मुस्ता म्हणून ताप-अतिसाराच्या काढ्यात पडतात. दुसरी भाद्रपदात दूर्वा होऊन गणपतीच्या डोक्यावर चढते. मग त्यांना उपटायचा अधिकार माणसाला दिला कुणी?

हा प्रश्न जैन परंपरेने फार गांभीर्याने घेतला. वनस्पती म्हणजे एकेंद्रिय जीव, आणि कंदात तर अनंत जीव. पावसाळ्यात साधू-साध्वी विहार थांबवतात, ते उगवत्या गवतावर आणि किड्यामुंग्यांवर पाय पडू नये म्हणून. बौद्ध विनयातही भिक्षूने जिवंत झाडझुडूप तोडणं हा दोषच. पण नेमक्या याच चातुर्मासात राहुरीच्या वावरांत खुरपणीची घाई असते. साधूच्या पात्रात पडणारी भाकरीही कुणीतरी तण काढलेल्या रानातूनच येते.

जैन विचारकांना हे दिसत होतं. त्यांनी हिंसेचे चार प्रकार केले: घरकामातली आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यातली उद्योगी, बचावासाठीची विरोधी आणि ठरवून केलेली संकल्पी. साधूला चारही वर्ज्य. गृहस्थाने निदान संकल्पी तरी सोडावी. भाजीच्या वाफ्यातली खुरपणी यात आरंभी ठरते.

गाजरगवताचं प्रकरण वेगळं. अमेरिका खंडातलं हे तण १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याच्या स्पर्शाने अंगावर खाज उठते, परागकणांनी दमा बळावतो, एकेक झाड हजारो बिया टाकतं. हातमोजे घालून, फुलावर येण्याआधी ते मुळासकट उपटणं ही विरोधी हिंसा म्हणता येईल. १९८०च्या दशकात त्याच्यावर मेक्सिकन भुंगे आणून सोडले गेले. पाला भुंगा खातो, पण सोडणारा माणूसच. करणं, करवणं आणि संमती देणं, तिन्ही हिंसेतच मोडतात, असं पतंजलीची योगसूत्रंही सांगतात.

राहुरीशेजारच्या नेवासे तालुक्यात, शके १२१२मध्ये, गीतेवरची ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या पंधराव्या अध्यायात संसारवृक्ष तोडायचा आहे, आणि त्यासाठीचं शस्त्र असंगाचं. परसबागेत त्याचा अर्थ असा लावता येईल की खुरपं चालावं, पण सूड नसावा. ‘एक काडी शिल्लक ठेवणार नाही’ असा चंग बांधला की आरंभी हिंसा संकल्पीकडे सरकू लागते. लव्हाळ्यापुढे तो चंग टिकतही नाही. वैशाखात माती खणून गाठी वेचाव्यात, उन्हात कडकडीत वाळू द्याव्यात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

याला कंटाळलेला माणूस ग्लायफोसेटकडे वळतो. ते पानांतून मुळांपर्यंत उतरतं. शिंतोडे उडाले तर शेजारचं वांगंही जळतं. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारने त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित केली. त्या आदेशाने घरमालकाच्या हातून पंप गेला, पण फवारणाऱ्याला बोलवायचं की खुरपं घ्यायचं, हे ठरवणारा तोच.