लेपभागी

वडील गेले, बाराव्या दिवशी भावाने सपिंडी केली आणि खापरपणजोबांचं नाव श्राद्धातून सुटलं. पिंड तिघांचे: वडील, आजोबा, पणजोबा. नवा पितर आत आला की सगळ्यात जुना बाहेर पडतो. चौथ्या पिढीपासून वरच्यांना मिळतो तो लेप, म्हणजे पिंड देऊन झाल्यावर हाताला चिकटलेलं, दर्भावर पुसलेलं अन्न. त्या वेळी नाव घेत नाहीत. ही योजना मला कधी निष्ठुर वाटली नाही. माणसाने किती काळ कुणाचा तरी पणजोबा म्हणून अडकून राहायचं?

आमचे खापरपणजोबा मात्र कागदांत राहिले आहेत. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या एका गावचं कुलकर्णपण त्यांच्याकडे होतं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मोडी शिकले ती त्यांचं दप्तर वाचायला. घरात त्यांची एकच गोष्ट चालत आली होती: १८७६च्या दुष्काळात त्यांनी पेव उघडून गावाला धान्य दिलं. खरं असेलही. दप्तरात निघाली ती कर्जखतं. व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा स्टँप, शके १७९३, म्हणजे १८७१ साल. धनको तेच आणि खाली बिकलम म्हणून लिहिणारेही तेच. कर्ज घेणाऱ्याच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी. एका खतावर बाईची निशाणी आहे, बांगडी. तिची रेघ पुरती जुळलेली नाही. हात थरथरला असावा.

कर्ज फिटलं की खत फाडून कुळाला परत द्यायचं, असा रिवाज होता. आमच्याकडची खतं अखंड आहेत. म्हणजे कर्ज फिटलं नाही, किंवा फिटूनही खत परत गेलं नाही. कागद यापुढे काही बोलत नाही. १२ मे १८७५ला याच तालुक्यात, सुप्याच्या बाजारात, शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या. माणसांना फारसा हात लावला नाही. त्यांना हवे होते ते कागद. पैसे भरूनही पावती नाही, खत परत नाही, ही त्यांची तक्रार सरकारी चौकशीतही पुढे आली.

मग मी कोण लागते या खतांची? शास्त्र तर मला मोकळं करतं. कर्म ज्याचं त्याचं. खापरपणजोबांचं पाप मला लागत नाही. बापाचं ऋण फेडायला याज्ञवल्क्याने बांधलं ते मुलाला आणि नातवाला. माझ्यापर्यंत ती साखळी पोचतच नाही. पण पेवाची गोष्ट सांगताना ‘आमचे’ म्हणायचं आणि खतं निघाली की ‘ज्याचं कर्म त्याच्यापाशी’ म्हणायचं, हे मला साधत नाही. एक तर दोन्ही आपलं, नाही तर दोन्ही नाही.

भाऊ म्हणाला, “ताई, नदीत सोडून दे. गेलेल्या माणसाचं उकरू नये.” त्याची श्रद्धा मी जाणते. दर पितृपक्षात तो मनापासून महालय करतो. पण पितरांना तृप्त करणं आणि त्यांना चांगलं ठरवणं एक नव्हे. खापरपणजोबा होते तसे मला कळले, कर्ज देणारे आणि बहुधा धान्यही देणारे. माझ्या लेखी हेच त्यांचं श्राद्ध.

शिवाय त्या खतांत ते एकटे नाहीत. ऋणकोंची नावं आहेत, त्यांच्या बापांची आहेत, शेतांच्या चतुःसीमा आहेत. लिहिता न येणाऱ्या त्या माणसांचा असा लेखी मागमूस त्यांच्या वंशजांकडे असेलच असं नाही. मी नकला काढून गावातल्या त्या घरांत दिल्या. एका घरी म्हाताऱ्या आजोबांनी नांगराच्या खुणेवर बोट ठेवलं आणि नाव पुन्हा वाचायला सांगितलं.

तुमच्या माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल असेल तर तो विसर्जित करू नका. जाणकाराकडून वाचून घ्या. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशी घराघरांतली दप्तरं सांभाळत आलं आहे. पण कुठेही देण्याआधी, त्यात निशाणी केलेल्यांची नावं उतरवून घ्या आणि त्यांच्या घरी पोचवा.