दुसऱ्याच्या घरचे दार

दुसऱ्याच्या घरातील एखादे बंद दार आपण त्याच्याच संमतीने व त्याच्याच हिताकरिता उघडून दिले, आणि पुढे त्याच दाराने चोर आत शिरला, तर आपल्या माथी काही दोष येतो की नाही? हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात एका तरुणाने आम्हांस विचारला. वकिलाच्या खोलीत माणसे येतात ती बहुधा दुसऱ्याचा दोष सिद्ध करावयास. स्वतःचा दोष कितपत आहे हे विचारावयास आलेला मनुष्य आम्हांस इतक्या वर्षांच्या वकिलीत क्वचितच भेटला. म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुरत शहराच्या दक्षिण अंगास, पांडेसऱ्याच्या कारखान्यांलगत बमरोली आहे. यंत्रमागांचा खडखडाट येथे दिवसरात्र चालू असतो, आणि तो थांबला तरच माणसाला जाग येते. उधना–जळगाव लोहमार्गाने नंदुरबारकडून, जळगावकडून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात दोन-तीन पिढ्या नांदत आहेत. त्यांपैकीच एका मागकामगाराचा हा मुलगा. संगणकशास्त्र शिकला, आणि वडिलांची मजुरी दरमहा कमी का भरते या कोड्यातून त्याने एक लहानसे ॲप रचावयास घेतले. मागावरचा कारागीर मीटरवर मजुरी घेतो. किती तागे उतरले, कोणत्या तारखेस, कोणत्या दराने, याचा हिशेब मालकाच्या वहीत असतो; कारागिराच्या हाती असते ती फक्त आठवण. मुलाचे ॲप एवढेच करी की कारागिराने पाळी संपताच आकडा टिपावा आणि महिनाअखेर दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहावेत. हे काम आम्हांस धर्माचेच वाटले.

परंतु ॲप लिहिले म्हणजे झाले असे नाही. ते प्रत्यक्ष फोनवर, तेही निरनिराळ्या बनावटीच्या स्वस्त फोनांवर, चालते की नाही हे पाहावे लागते. त्याकरिता अँड्रॉइड फोनात एक आतले दार ठेवलेले आहे. २०१२ साली आलेल्या अँड्रॉइड ४.२ पासून हे दार दर्शनी नसते. फोनाच्या माहितीच्या पानावर ‘बिल्ड नंबर’ म्हणून एक ओळ असते, तिच्यावर सात वेळा बोट टेकले की फोन जाहीर करतो, आपण आता डेव्हलपर झालात! (आम्हांस कायद्याची पदवी मिळविण्यास तीन वर्षे लागली होती.) मग ‘यूएसबी डीबगिंग’ ही कळ दिसू लागते. ती चालू करून तारेने फोन संगणकास जोडला म्हणजे संगणकावरून ॲप फोनात उतरविता येते, त्याची प्रत्येक चूक वाचता येते, फोनातील धारिका काढता व घालता येतात, पडद्याचे चित्रही घेता येते. एवढा अधिकार परक्या संगणकास सहज जाऊ नये म्हणून २०१३ च्या अँड्रॉइड ४.२.२ पासून आणखी एक अडसर आला. संगणकापाशी स्वतःची एक गुप्त किल्ली असते. तिच्या जोडीदार किल्लीचा ठसा, अक्षर-अंकांच्या सोळा जोड्या, फोन आपल्या पडद्यावर दाखवितो आणि विचारतो की या संगणकास येऊ द्यावे काय. खाली एक चौकट असते: या संगणकास नेहमी अनुमती द्या.

आमचा स्वतःचा जुना फोन त्या मुलाने प्रथम घेतला. तो प्रश्न पडद्यावर उमटताच आम्ही चष्मा न लावताच ‘अनुमती’वर बोट ठेवले, चौकटीसकट. न वाचता सही करू नका असे अशिलांना दररोज सांगणारे आम्ही! मुलगा हसला नाही. “काका, ठसा ताडून पाहावयाचा असतो,” एवढेच म्हणाला.

पुढे कारागिरांचे फोन हवे होते. पाचसहा जणांना त्याने आमच्या ओसरीवर बोलाविले. त्यांतील एक प्रौढ गृहस्थ फोन छातीशी धरून बसले होते. त्यात त्यांची बँक होती, गावी पैसे पाठविण्याचे यूपीआय होते, नातवाची छायाचित्रे होती. त्यांनी मुलाकडे पाहिले नाही, आमच्याकडे पाहिले. “साहेब, तुम्ही सांगत असाल तर देतो.” आम्ही म्हणालो, “द्या, भिऊ नका, मुलगा घरचा आहे.”

फोन एक रात्र मुलाकडे राहिला. काम झाले, पण सकाळी बँकेचे ॲप उघडेना. काही बँकांची ॲपे हे आतले दार उघडे दिसले की चालण्याचे नाकारतात. मुलाने डीबगिंग बंद केले, संगणकाला दिलेली अनुमती पुसली, बँक उघडते हे त्यांच्यादेखत दाखविले आणि फोन जसा घेतला तसा परत केला.

पंधरा दिवसांनी ॲपाची सुधारलेली आवृत्ती तयार झाली. त्या आठवड्यात गृहस्थांची रात्रपाळी होती, तारेने जोडण्यास येणे त्यांना जमेना. मुलाने ॲपाची धारिका, जिला एपीके म्हणतात, निरोप पाठविण्याच्या नेहमीच्या ॲपावरून त्यांना धाडली व बोलून बोलून मार्ग सांगितला: येथे दाबा, आता फोन नको म्हणेल, तेव्हा ‘या स्रोताकडून अनुमती द्या’ हे चालू करा. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही अनुमती एकेका ॲपास वेगळी दिली जाते. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या निरोपांच्या ॲपास बाहेरची ॲपे फोनात उतरविण्याचा परवाना मिळाला. धारिका उतरली, तागे मोजले जाऊ लागले. परवाना तसाच राहिला.

महिन्याभराने त्याच निरोपांच्या ॲपावर एक लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके होती. अशा पत्रिकांबद्दल पोलिसांनी २०२४ पासून ठिकठिकाणी इशारे दिले आहेत. पण इशारा वाचणारा आणि पत्रिका उघडणारा हे बहुधा निराळे असतात. फोनाने या वेळी परवान्याची अडचण काढली नाही, कारण ती पूर्वीच दूर झाली होती. उरलेल्या एकदोन प्रश्नांना गृहस्थांनी मुलाने शिकविल्याप्रमाणेच होकार दिला. संदेशातील गुप्त अंक चोराला दिसू लागले आणि खात्यातील दोन पगार निघून गेले. १९३० या क्रमांकावर तक्रार केली ती उशिरा, कारण लग्न कोणाकडचे हे आठवण्यात त्यांनी अर्धा दिवस घालविला होता.

“माझा दोष आहे का?” मुलाने विचारले ते या घटनेनंतर.

कायद्याचे उत्तर आम्ही तात्काळ दिले. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम मालकाच्या अनुमतीवाचून संगणकात शिरणाऱ्यास धरते, आणि ६६ वे कलम तेच कृत्य लबाडीने करणाऱ्यास गुन्हेगार ठरविते. मोबाईल फोन हाही कायद्याच्या दृष्टीने संगणकच. चोर त्यात बसतो. मुलगा बसत नाही, कारण त्याला अनुमती होती. १८७२ च्या संविदा अधिनियमाचे १५१ वे कलम सांगते की दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असता, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी आपण घ्यावी. ती त्याने घेतली होती. आणि पैसे गेले तेव्हा फोन त्याच्या ताब्यात नव्हताच. मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, “म्हणजे तो माझ्या हातात होता तेव्हा मी नीट वागलो.” या वाक्यातच त्याचे उत्तर होते, हे आमच्या ध्यानी त्या रात्री आले.

मनूने व्यवहाराची अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानानंतर दुसरे पद निक्षेपाचे आहे. याज्ञवल्क्य त्याहून बारकाईने ‘औपनिधिक’ म्हणजे काय ते सांगतो: आत काय आहे हे न सांगता, पात्रात बंद करून दुसऱ्याच्या हाती दिलेले द्रव्य. घेणाऱ्याचे कर्तव्य एकच, जसे दिले तसेच परत करणे. आज हातोहात फिरणाऱ्या वस्तूंत फोनाइतके चोख औपनिधिक दुसरे नाही. आत काय आहे ते देणारा सांगत नाही, पुष्कळदा त्यालाही ते पुरते ठाऊक नसते. पहिल्या खेपेस मुलाने ही ठेव शास्त्राप्रमाणे परत केली. वस्तू हातात होती, तिचे वजन हाताला कळत होते. दुसऱ्या खेपेस हातात काहीच नव्हते. गृहस्थांनी त्या वेळी फोन दिला नव्हता, आपला निर्णय दिला होता. ‘येथे दाबा’ म्हटल्यावर दाबले होते. निर्णयाची ठेव घेतली तर ती परत करावी लागते, हे ना मुलाला सुचले ना आम्हांला. धारिका उतरल्यावर ‘आता तो परवाना बंद करा’ हे एक वाक्य बोलावयाचे राहिले.

भिण्याजोगे दिसणारे दार, म्हणजे तारेचे, येथे निरुपद्रवी ठरले. त्याला दोन माणसांनी समोरासमोर बसावे लागते, फोन उघडलेला असावा लागतो, ठसा पाहावा लागतो. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून तर सात दिवस न जोडलेल्या संगणकाची अनुमती सामान्यतः आपोआप संपते. सोयीचे दार मात्र उघडे राहिले. चोर सोयीनेच आला.

यावर कोणी म्हणेल, मग ही दारे हवीतच कशाला? भिंत बांधून टाका. हा विचार आता केवळ गप्पांचा राहिलेला नाही. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की ज्यांची ओळख पडताळलेली आहे अशाच रचनाकारांची ॲपे प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर उतरतील. आरंभ सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड या देशांत, आणि २०२७ पासून पुढे इतरत्र. कारण फसवणुकीचेच दिले. त्यावर पुष्कळ ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये विद्यार्थी व जाणकार यांच्यासाठी वेगळी वाट ठेवण्याचे त्यांनी सांगितले. तारेच्या मार्गाला हात लावलेला नाही. आपल्या देशात हा वाद यापूर्वीच न्यायासनापुढे आला आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि बाहेरून ॲप उतरविण्याच्या मार्गात रचनाकारांना अडथळा करू नये असाही निर्देश दिला. २९ मार्च २०२३ रोजी अपिलात दंड कायम राहिला, परंतु ज्या चार निर्देशांस न्यायाधिकरणाने बाजूला सारले त्यांत हा एक होता.

आम्ही स्वतः भिंतीच्या बाजूचे नाही. घरमालकाला आपल्याच घराचे एक दार उघडण्याची मनाई करणे, का तर त्याच्या शेजाऱ्याने ते उघडे टाकले, हा न्याय आम्हांस पटत नाही. ज्या मागकामगाराचा हिशेब मालकाच्या वहीत कोंडलेला आहे, त्याला दुसरी वही करून देणारा मुलगा कोणत्या मोठ्या दुकानाच्या परवान्याची वाट पाहत बसला असता? नाव नोंदविण्यास आमची ना नाही. देवळात वर्गणी देणाराही पावतीवर नाव घालतो. पण नाव नोंदविल्याने काळजी येत नाही. या मुलाचे नाव तर सगळ्या गल्लीला ठाऊक होते, आणि तरीही परवाना उघडा राहिला. उलट आमच्या देवस्थानांतून देवाच्या दागिन्यांची पेटी एका किल्लीने उघडू नये, किल्ल्या निरनिराळ्या हातांत असाव्यात असा परिपाठ आढळतो. तेथे पेटीला भिंतीत चिणून टाकावे असे कोणी म्हणत नाही, कारण उत्सवाच्या दिवशी देवाला दागिने घालावयाचे असतात.

येथवर आम्ही मुलाविषयीच लिहिले, हे चतुर वाचकांच्या ध्यानी आले असेल. याज्ञवल्क्यानेच जामीनकीचे तीन प्रकार सांगितले आहेत: मनुष्याला हजर करीन असे म्हणणारा, धन फेडीन असे म्हणणारा, आणि या दोहोंमध्ये ‘प्रत्यय’ देणारा, म्हणजे ‘याच्यावर विश्वास ठेवा, हा तुम्हांस दगा देणार नाही’ असे सांगणारा. हा तिसरा कागदावर सही करीत नाही, पैशाचे नावही काढीत नाही. तरीही त्याचे म्हणणे खोटे ठरले तर भरपाई त्याने करावी, असे स्मृतिकाराचे मत आहे. “द्या, भिऊ नका” हे आमचे शब्द. मुलाने दगा दिला नाही, हे खरे. पण गृहस्थांनी फोन मुलाच्या विद्येवर दिला नव्हता, आमच्या शब्दावर दिला होता, आणि दुसऱ्या खेपेस आम्हांला न विचारताही तोच शब्द चालू आहे असे ते समजले. त्यांच्या लेखी आमची अनुमती ‘नेहमी’चीच होती, चौकटीवर खूण केलेली.

आम्ही गेलेल्या रकमेची अर्धी घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. अर्धीच का, याला आमच्यापाशी शास्त्राधार नाही; अर्धा भार मुलाने उचलण्याचे मागितले होते. गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत. रागावून नाही, त्यांना ते कशाचे हेच समजेना. “साहेब, पत्रिका मी उघडली.” शेवटी त्यांच्या पत्नीने ते घेतले आणि नातवाच्या शाळेच्या फीसाठी म्हणून डब्यात ठेवले. गृहस्थ त्या दिवसापासून आमच्याशी अधिक आदराने बोलतात, आणि आम्हांस ते सोसत नाही.

मुलाने आता एक साधी रेघांची वही केली आहे. कोणाचा फोन, कोणते दार, कोणत्या तारखेस उघडले, कोणत्या तारखेस लावले, आणि शेवटच्या रकान्यात फोनवाल्याची सही. मागच्या रविवारी ती त्याने आम्हांस दाखविली. सगळ्यांच्या नावांपुढे सह्या होत्या. पहिल्या ओळीत आमचे नाव होते आणि त्यापुढचे दोन रकाने कोरे होते. आम्ही जुना फोन आणून त्याच्या हाती दिला, त्याने तो परत आमच्याच हातात ठेवला, म्हणाला, “काका, तुम्ही दाबा, मी सांगतो.” आम्ही चष्मा शोधावयास उठलो.