आधी गळती थांबवा, मग रंग द्या

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ किंवा बाजारपेठेत एखादे काँक्रीटचे व्यापारी संकुल हमखास दिसते. तळमजल्याचे गाळे चालतात, वरच्या मजल्यावरची शटर गंजत पडतात. जिना अंधारा, कोपरे पिचकाऱ्यांनी लाल. त्यात पत्रे आणि फ्लेक्स उरलासुरला उजेडही अडवतात. मग मागणी होते, पाडा आणि नवे बांधा. सांगाडा शाबूत असेल तर या मागणीला माझा विरोध आहे. अशी वास्तू रंग आणि उजेडाने पुन्हा नांदती होऊ शकते. मात्र कामाचा क्रम चुकता कामा नये.

काँक्रीट उघडे ठेवणाऱ्या ब्रूटलिस्ट शैलीतले लंडनचे ब्रन्सविक सेंटर पाहा. मध्ये दुकानांची मोकळी गल्ली, दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखी मागे सरकत जाणारी घरे. वास्तुकार पॅट्रिक हॉजकिन्सन यांना भिंतींवर फिकट रंग हवा होता, पण काटकसरीपायी तो दिलाच गेला नाही. १९७२ च्या सुमारास उभे राहिलेले हे संकुल पावसाने काळवंडले, दुकाने ओस पडली. २००६ मध्ये नूतनीकरण झाले तेव्हा राहून गेलेला क्रीम रंग त्याला मिळाला आणि वर्दळ परतली. इथे रंगाने मूळ कल्पनाच पूर्ण केली.

उजेडाचे महत्त्व समजायला लंडनला जायची गरज नाही. परळी तालुक्यातल्या धर्मापुरीचे चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर पाहावे. त्याच्या बाह्यभिंतींवरची शिल्पे तिरप्या उन्हात उठून दिसतात. खडबडीत काँक्रीटलाही असाच बाजूने येणारा प्रकाश मानवतो. एकच झगझगीत हॅलोजन लावला की डोळे दिपतात आणि कोपरे अधिकच काळे होतात. त्यापेक्षा जिन्यात, वळणांवर आणि गाळ्यांसमोरच्या व्हरांड्यात सलग सौम्य दिवे हवेत. मुंबईत लोअर परळला उड्डाणपुलाखालची दुर्लक्षित जागा २०२२ मध्ये निळा रंग, झाडे आणि बसायच्या जागा देऊन लोकांसाठी खुली झाली. रंग वाट दाखवू शकतो, हे तिथे दिसते. आपल्या संकुलांतही जिन्याला एक ठळक रंग दिला, तर वर दुकाने आहेत हे गिऱ्हाइकाला खालूनच कळेल.

पण रंग रोग बरा करत नाही. स्लॅबमध्ये पाणी मुरले की सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. त्यावर ऑइलपेंट फासला, तर ओल आतच कोंडते. चार्ल्स कोरिया यांनी उभारलेल्या पणजीच्या कला अकादमीत नूतनीकरण सुरू असतानाच, जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. जुन्या काँक्रीटला हात लावताना केवढी सावधगिरी हवी, याचा हा इशारा आहे. म्हणून आधी संरचनेची तपासणी, मग गळतीची दुरुस्ती, त्यानंतर वायरिंग व दिवे आणि शेवटी रंग.

आणखी एक अट आहे. नूतनीकरणानंतर ब्रन्सविकमध्ये साखळी दुकानांचा वरचष्मा झाला. आपल्याकडे शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा, झेरॉक्सवाला हेच या संकुलांचे प्राण आहेत. नवा रंग लागताच लिलावाची बोली चढून ते बाहेर फेकले गेले, तर नूतनीकरण कोणासाठी केले? त्यामुळे जुन्या गाळेधारकांचा हक्क आणि देखभालीचा वार्षिक निधी नगरपालिकेने ठरावातच नोंदवावा, आणि त्यानंतरच रंगाची निविदा काढावी.