आशेची रुजवात

ए. एल. एस. ह्या व्याधीत बुद्धी बहुधा शाबूत राहते, परंतु हात, पाय, जिव्हा आणि अखेरीस श्वासही एकेक करून मनुष्याच्या ताब्यातून जातात. आणि अशा रुग्णापुढे वैद्यकाने ठेवलेले देणे इतके तुटपुंजे आहे (१९९५ साली मान्यता पावलेले रिलुझोल आयुष्यास सरासरी दोन-तीन महिन्यांची मुदतवाढ देते) की त्याने एखाद्या असिद्ध औषधाकडे हात पुढे केला तर त्यास अविवेकी म्हणण्याचा अधिकार निरोगी माणसास कितपत पोहोचतो, याची मला शंका आहे. ज्याचे सर्वस्व जाणारच आहे त्याने उरलेले पणाला लावले तर बिघडले कुठे, ही कैफियत बिनतोड दिसते खरी. पण उरलेले म्हणजे काहीच नव्हे, हे तीत परस्पर गृहीत धरलेले असते.

कंपवाताच्या चाळीस रुग्णांवर अमेरिकेत झालेला आणि २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. निम्म्यांच्या मेंदूत गर्भपेशींचे रोपण करण्यात आले. उरलेल्यांच्या कपाळाच्या अस्थीस केवळ छिद्रे पाडली, आणि आपल्या वाट्यास काय आले हे वर्षभर त्यांचे त्यांनाही कळू दिले नाही. संमती त्यांनी समजून-उमजून दिली होती आणि रोपणाची मुभा त्यांना मागाहून होती, तरी हे ऐकून मनास धक्का बसतो, व तो बसावाच. परंतु आपण किती सुधारलो, ह्याबद्दल रुग्णांनी स्वतः दिलेल्या अभिप्रायात दोन्ही गटांत लक्षणीय अंतर निघाले नाही; साठीच्या आतील रुग्णांच्या हालचालींत काही सुधारणा आढळली, तर रोपण झालेल्यांपैकी काहींना पुढे, औषध कमी वा बंद केले असतानाही, अनावर हालचालींनी ग्रासले. त्या निरर्थक भासणाऱ्या छिद्रांवाचून हे कळले असते काय?

आपल्या शास्त्रकारांनी मनुष्य जन्मतःच ऋणी मानला आणि ऋषिऋण अध्ययनाने फेडावे असे सांगितले. आधीच्या रुग्णांच्या देहांवरून मिळालेले ज्ञान जो आज वापरतो, त्याच्यावरही असे ऋण चढते असे मला वाटते. २००८ साली इटलीतील अवघ्या ४४ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांतील १६ जणांनाच लिथियम दिले होते, ए. एल. एस.ची गती मंदावल्याचे प्रसिद्ध होताच अनेकांनी रीतसर चाचणीची वाट न पाहता ते औषध सुरू केले. उतावीळपणा होता, यात संशय नाही. पण त्यांतील १४९ जणांनी ठेवलेल्या नोंदींची तशाच इतर रुग्णांशी तुलना होऊन लिथियमचा परिणाम शून्य असल्याचे २०११ साली जाहीर झाले, आणि रीतसर चाचण्यांनीही तेच सांगितले. स्वतः निराश होऊनही त्यांनी पुढच्यांचा जमाखर्च चोख ठेवला.

मुमूर्षूवर असे ऋण फेडण्याचे कर्तव्य लादणे क्रूरपणाचे आहे, ही हरकत मला मान्य आहे. म्हणून ते मी त्याच्यावर नव्हे, तर त्याच्या आशेचे मोल घेणाऱ्यावर लादतो. ज्याच्या दप्तरी बरे झालेल्यांच्या कहाण्या आहेत आणि न झालेल्यांची रुजवात नाही, त्याच्या दारी कोणीही जाऊ नये, मग मुदत कितीही थोडी असो. ज्याने मात्र आपले अज्ञान स्पष्ट सांगितले, परिणाम काहीही झाला तरी तो नोंदवून उघड करण्याचे मान्य केले आणि एक पैसाही घेतला नाही, त्याने दिलेले असिद्ध औषध कोणी घेऊ म्हटल्यास मी आड येणार नाही.